खुंटी काढू नकोस

सेकी, ९ सप्टेंबर १९८८

सुगाए ताई,

पत्राच्या सुरुवातीचं ऋतूचं वर्णन सोडून देतो. तुझं पाकीट मंगळवारी आलं. तुझ्या भावजयीनं, हात्सुएनं, ते कामाच्या जागी आणून दिलं आणि दारातच उभी राहिली. तू अमेरिकेला गेल्यापासून नववर्षाच्या कार्डाखेरीज तुझ्याकडून काही आलं नव्हतं.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोणी गेलं नाही. कोणीतरी आलंय."

फोटोतली तलवार शिगेरुदादाची आहे.

समाधानासाठी सांगू नकोस, शिकलगार म्हणून सांग, असं तू लिहिलंस. शिकलगार म्हणूनच सांगतो. लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारींचा साज सगळा एकाच नमुन्याचा असतो, म्हणून नकला सोप्या जातात. पण नकलेत पितळेवरची फुलं कणकेत ठसा उमटवल्यासारखी दिसतात. तुझ्या फोटोत उजेड बाजूनं पडला आहे आणि फुलाचे केसर वेगवेगळे दिसतात. मुठीपुढच्या आडव्या परजाखालच्या चकत्यांवर सगळीकडे एकच आकडा आहे, म्हणजे तीन तलवारींचे अवशेष जोडून केलेली ही वस्तू नाही. गोंड्याचा आतला निळा रंग लेफ्टनंटचा. मुठीच्या टोपीवर आपल्या घराण्याची खूण, तीन पानं.

आणि मुठीच्या फितीखाली, जिथे बाकी सगळ्यांची चेरीची फुलं असतात, तिथे आपले धातूचे आयू मासे. एकाची शेपटी तुटलेली. तुझ्या चर्चमधल्या त्या विधवा बाईनं 'यावर काय लिहिलंय' म्हणून तलवार तुझ्यापुढे ठेवली तेव्हा तू आधी मासे ओळखलेस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ बाहेर गेलो. फीत बाबांच्या हातची आहे. शेवटचे वेढे ते उलटे घालायचे, उजवा अंगठा नीट वळत नसे म्हणून.

आत पातं कुठलं, हे वेगळं सांगायला नको. बाबांनी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं. तुला तर त्या अमेरिकनाबरोबर निघतानाही दारात ऐकवलं होतं, "मी घराण्याचं पातं देऊन मुलगा पाठवला, आणि तू..." पुढचं लिहीत नाही. तुला पाठ असेल.

मूठ धरून ठेवणारी खुंटी काढून आतला फोटो पाठवू का, असं तू विचारतेस. नको. खुंटी काढू नकोस. मुठीतलं पात्याचं बूड पहिल्यांदा उघडायचं ते घरच्या शिकलगारानं. हा माझा हट्ट समज. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

दादाच्या अस्थींची पांढरी पेटी सरकारकडून आली तेव्हा आईनं ती हलवून पाहिली होती. आत खडा वाजला होता. फिलिपीन्समधल्या लुझोनहून त्याचं दुसरं काहीच आलं नाही.

पाठव.

तोकुजी


सेकी, ३ ऑक्टोबर १९८८

ताई,

तुझी शंका समजली. तिकडे त्या बाईनं दिलेली तलवार तुझ्या कपाटात सुखरूप आहे आणि इकडे आमचा कायदा कडक आहे, हे तू कुठूनतरी ऐकलं आहेस. खरं आहे. हातानं घडवलेलं, जुन्या रीतीनं पाण्यात विझवलेलं पातं असेल तरच इथे नोंद होते. युद्धात कारखान्यांनी तेलात विझवून काढलेली पाती तलवारी मानली जात नाहीत. ती फक्त शस्त्रं. ती कापून भंगारात टाकतात. कोणाची आठवण होती, याला त्यात जागा नाही.

पण ते ठरवणाऱ्यांत मी स्वतः बसतो, वीस वर्षं झाली. माझ्या नजरेवर तुझा विश्वास नसेल तर या प्रांतात दुसऱ्या कोणाकडे तुला पाठवावं हे मला सुचत नाही.

शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, मूठ पाहून पातं सांगायचं नाही. पात्याची पारख असते तेव्हा आम्ही मूठ कापडात गुंडाळूनच ठेवतो. इथे गोष्ट वेगळी आहे. इथे दोन्ही घरचीच.

तुझा ग्लेन नोव्हेंबरात येणारच आहे तर त्याच्याबरोबर दे. विमानतळावर त्याला विचारतील की नोंद झाली नाही तर वस्तू परत नेण्याचा हक्क राखून ठेवायचा का. त्याला नाही म्हणायला सांग. हक्क राखला की कामं वाढतात, आणि आपल्याकडे परत नेण्यासारखं काही नाही.

हात्सुए विचारते, ग्लेन भात खातो का.

तोकुजी


सेकी, १८ नोव्हेंबर १९८८

ताई,

ग्लेन भात खातो. वाम मासा तर आम्हा दोघांपेक्षा जास्त खातो. उंची त्याच्या वडिलांची असावी. कपाळ तुझं आहे.

तू त्याला आपली भाषा शिकवलीस, पण ती तुझी शिकवलीस. स्टेशनवर सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाला, "मामा, मी आले एकदाची! भारी दमले बाई." हात्सुएनं तोंडावर रुमाल धरला. वामेच्या दुकानातली मालकीण ऐंशीची आहे. त्याचं बोलणं ऐकून ती पदार्थ हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "माझी मोठी बहीण अशी बोलायची." इथे आता कोणी तसं बोलत नाही. हसणं थांबल्यावर हात्सुएनं त्याला पुरुषासारखं बोलायला शिकवायला घेतलं. मी तिला थांबवलं.

तलवारीची तपासणी काल झाली. मंडळानं नोंद नाकारली. पातं घराण्याचं नाही. मध्ये कोणीतरी बदललं असावं. युद्धाच्या धांदलीत असं होतं, मी अनेकदा पाहिलं आहे. साज मात्र पूर्ण खरा आहे आणि तो आपल्याला ठेवता येतो, तो मी घरी आणला आहे. पात्याच्या विल्हेवाटीसाठी तुझी सही लागेल. कागद ग्लेनबरोबर देत आहे.

तू दर रविवारी त्यावर तेलाचा बोळा फिरवायचीस, असं ग्लेन म्हणाला. पात्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. हे शिकलगार म्हणून सांगतो.

फार मनाला लावून घेऊ नकोस.

तोकुजी


सेकी, ६ डिसेंबर १९८८

ताई,

फोनवर तू एकच विचारलंस, "नाही कोण म्हणालं?" मी म्हटलं, मंडळ. तू फोन ठेवलास.

मंडळ म्हणजे त्या दिवशी आम्ही दोघं होतो. मी आणि नागाया. नागाया माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. नजर चांगली आहे, पण मी त्याला तसं कधी म्हटलेलं नाही.

ग्लेनसमोरच पांढऱ्या कापडावर तलवार ठेवली. नमस्कार केला. खुंटी मीच काढली, डाव्या मनगटावर ठोका मारला, बूड सुटलं. जुन्या बुडाचा गंज काळा असतो आणि बोटाला मऊ लागतो. हा तपकिरी होता. आपल्या पात्याच्या बुडाला दोन भोकं होती, ते आखूड करून घेतलेलं होतं, तुला आठवत असेल. इथे भोक एकच, यंत्रानं पाडलेलं, गोल. त्याच्या वर कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का, भाताच्या शिताएवढा.

नागायानं ते पाहिलं. मग तो खिडकीकडे पाहू लागला.

"होरिबे-सान, इथल्या लोकांनी आज चहा फार कडू केलाय. खाली बरा मिळतो. जाऊन या ना."

"मला कडू चालतो."

"अहो जा. घरची वस्तू घरच्यानं तपासू नये, असाही नियम आहेच की. मी एकटा बघतो. माझे डोळे काही तुमच्याएवढे तीक्ष्ण नाहीत. गेल्या वर्षी तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, नागायाला गंज आणि काकवी यांतला फरक कळत नाही."

तो हसला. ग्लेनही हसला, काय चाललं आहे हे न कळता.

मला फक्त उठायचं होतं, ताई. जिना उतरायचा, चहा घ्यायचा, परत यायचं. नागायानं तेवढ्यात नोंद करून टाकली असती आणि तिचा उल्लेखसुद्धा पुन्हा कधी केला नसता.

मी म्हटलं, "तेलात विझवलेलं आहे. नोंद होणार नाही."

नागायानं कागद पुढे ओढला. मग त्यानं लिहिलं.

ग्लेनला अर्थ उशिरा कळला. म्हणाला, "मग मी हे परत घेऊन जाते, मामा. आई ठेवेल." या वेळी कोणी हसलं नाही. परत नेण्याचा हक्क त्यानं विमानतळावर सोडला होता. मी सांगितलं होतं म्हणून.

त्यानंतर मी स्वतःला सांगत राहिलो की नियमासाठी बोललो. वसंतात गुजोहून एक म्हातारी नवऱ्याची तलवार घेऊन आली होती. मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "पुन्हा एकदा पाहता का?" मी पुन्हा पाहिलं, नुसतं तिचा मान ठेवायला, आणि पुन्हा नाही म्हटलं. अशा बायकांना मी काय तोंड दाखवलं असतं, असं मी हात्सुएला म्हणालो. ती म्हणाली, "त्या बायका तुमचं तोंड बघायला येतात का?"

खरं म्हणजे त्या क्षणी मला नियम आठवलाच नव्हता. मला राग आला होता. दादा पडल्यावर कोणीतरी त्याचं पातं काढून घेतलं आणि हे हलकं लोखंड मुठीत घुसवलं, असं वाटलं. चोराचं पातं समजून मी ते पुढे ढकललं.

तू खुंटी काढून फोटो पाठवणार होतीस. तो फोटो मी ओळखला असता. ते तुझ्याकडेच राहू दे, असं लिहिलं असतं.

सही करू नकोस, असंही मला सांगता येत नाही. सही नसली तर ते तिथे अडगळीत पडेल, एवढंच.

तोकुजी


सेकी, २२ जानेवारी १९८९

ताई,

तुझं पत्र नाही. मी अपेक्षाही केलेली नव्हती. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. पातं चोराचं नव्हतं.

नववर्षाच्या सुट्टीत मी मूठ कामाला घेतली. फितीचा एक वेढा सैल झाला होता. मूठ म्हणजे लाकडाच्या दोन फाकी, आतून बुडाच्या आकाराला कोरून चिकटवलेल्या. सरस सुकून शिवण उघडली होती. फीत सोडली, तशा फाकी वेगळ्या झाल्या.

दुसऱ्या पात्यासाठी केलेल्या मुठीत नवं पातं बसवलं तर फट राहते. मग लोक कागद, चोया, काय मिळेल ते भरतात. लढाईवर तर हटकून. यात काही भरलेलं नव्हतं. कोरीव जागा त्या कारखान्याच्या बुडाच्या मापाची होती, इतकी नेमकी की टोकाला बूड चौकोनी होतं तिथे लाकूडही चौकोनी कोरलं होतं. खुंटीचं भोक एकच. आणि छिन्नीच्या खुणा डावीकडून उजवीकडे, आखूड आखूड, अंगठ्याचा जोर न लावता काढलेल्या. मी त्या खुणांशेजारी बसून हे काम शिकलो. दुसऱ्या कोणाच्या त्या असूच शकत नाहीत.

ही मूठ बाबांनी त्याच पात्यासाठी केली. आपले मासे वर लावले, आपली तीन पानं टोपीवर लावली आणि आत बाजारचं पातं घातलं. निरोपाच्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी पातं पाहायला मागितलं, तेव्हा ते म्हणाले की निघताना उपसायचं नसतं. अशी काही रीत आहे असं मी त्यानंतर कोणाकडून ऐकलेलं नाही.

घराण्याचं पातं त्यांनी ठेवून घेतलं होतं. युद्ध हरल्यावर शरद ऋतूत पोलिसांनी तलवारी जमा करायला लावल्या, तेव्हा ते तेलकागदात गुंडाळलेलं काहीतरी लांब घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. मग किती तरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. आपल्याला वाटलं, दादासाठी. कदाचित दादासाठीच असेल. ते पातं समुद्रात गेलं की भट्टीत, कोणाला माहीत नाही.

का केलं, हे मला सांगता येत नाही. चांगलं पातं चिखलात जाऊ नये, असं शिकलगाराला वाटू शकतं. मला स्वतःला वाटलं असतं का, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही. पण त्याच तोंडानं त्यांनी तुला दारात ते ऐकवलं. ते वाक्य तू छत्तीस वर्षं तिकडे सांभाळलंस. त्यात काही खरं नव्हतं.

आता दादाचं. अधिकाऱ्याला आपली तलवार स्वतः साफ करावी लागते. त्यानं खुंटी पहिल्याच आठवड्यात काढली असणार. आणि तो या घरात वाढलेला होता, त्याला शिक्का ओळखायला कोणी शिकवायला नको. म्हणजे जहाजावर चढण्याआधी तो शेवटचा दोन दिवस घरी आला, तेव्हा त्याला माहीत होतं.

त्या जेवणाला तू वाढत होतीस. मला जे आठवतं ते लिहितो, चुकत असेल तर कळव. बाबांनी मान वर न करता विचारलं, "पातं कसं आहे?"

दादा म्हणाला, "हाताला छान बसलंय."

"जड नाही ना होत?"

"नाही हो. चांगलं आहे, बाबा." मग त्यानं वाडगं तुझ्यापुढे केलं आणि म्हणाला, "सुगाए, तू भात वाढतेस की मोजतेस?"

तू त्याच्यावर चमचा उगारलास. आई हसली. बाबा उठून कामाच्या जागी गेले.

ते पातं त्यानं स्वतःचं मानलं होतं. शेवटपर्यंत त्याच्या कमरेला तेच होतं. आणि मी ते परक्याचं म्हणून पुढे ढकललं.

काल मी नागायाकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. मग माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा एकदा पाहता का?"

त्यानं चहा ओतला. मग म्हणाला, "काय पाहू, होरिबे-सान? तेव्हा कागद कोरा होता. आता त्यावर तुमचं मत आहे. या प्रांतात ते खोडणारा माणूस कुठून आणू?"

तो रागावलेला नव्हता. दारापर्यंत सोडायला आला.

तलवार खरी आहे का, हा तुझा प्रश्न होता. खरी आहे. साज, मूठ, पातं, सगळं एकमेकांचं आणि सगळं दादाचं. इतकी निर्विवाद तलवार मी क्वचित पाहिली आहे.

तोकुजी


सेकी, १२ मार्च १९८९

ताई,

तुझी सही आली. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी ते उलटं करून झटकूनही पाहिलं.

गेल्या गुरुवारी पाती कापली. हजर राहायची आम्हाला सक्ती नसते, आणि वीस वर्षांत मी कधी गेलो नव्हतो. या वेळी गेलो. गावाबाहेर भंगाराचं आवार आहे. गठ्ठ्यात बरीच होती, आणि त्यांतली काही मी नाकारलेली होती. दादाचं मला लांबूनही ओळखू आलं, बाकी सगळी गंजलेली होती म्हणून.

यंत्रावरचा माणूस तरुण होता. म्हणाला, "आजोबा, तुमचं आहे का यातलं?"

"भावाचं."

"मग जरा मागे उभे राहा. ठिणग्या उडतात."

मी मागे सरलो. फार वेळ लागला नाही.

साज नुसता ठेवला तर मूठ, परज, म्यान सगळं सुटं होतं. म्हणून पात्याच्या जागी लाकडी पातं करून घालतात. मी मॅग्नोलियाची जुनी, न भेगाळलेली फळी काढली. दादाच्या पात्याचं माप मी घेतलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी मला ते घ्यावंसं वाटलं नव्हतं. मग मी घराण्याच्या पात्याचा आकार आठवणीतून काढला. तो मला डोळे मिटून येतो. मुठीजवळ जास्त बाक, पुढे निमुळतं. लाकडात ते फार सुंदर उतरलं. हात्सुए चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच पाहत राहिली.

ते म्यानात वीतभर गेलं आणि अडलं. मी थोडं तासलं. पुन्हा अडलं. आणखी तासलं. शेवटी हात्सुए म्हणाली, "अहो, ते म्यान याचं नव्हतंच ना."

ते बाजूला ठेवलं. दुसरी फळी घेतली. या वेळी म्यानात पातळ बांबू घालून आतल्या पोकळीचं माप काढलं, मुठीच्या फाकींतून बुडाचं काढलं आणि त्याबरहुकूम तासत गेलो. बाक कमी, अंग सरळसोट, टोक आखूड. त्यात डौल नाही. आठ दिवस लागले. काल संध्याकाळी घातलं. सरळ आत गेलं आणि परज म्यानाच्या तोंडावर टेकला.

ही जोडलेली वस्तू इथे देव्हाऱ्यात दादाच्या नावाच्या पाटीपुढे ठेवायची की तुझ्याकडे पाठवायची, ते कळव. इथे ठेवली तर ती बाबांच्याही पुढे राहील, देव्हाऱ्यात फळी एकच आहे. तिकडे पाठवली तर दादापुढे काही राहणार नाही. लाकडाला कसलीही परवानगी लागत नाही, तेव्हा दोन्ही शक्य आहे.

ती सध्या माझ्या कामाच्या जागी आहे, कापडात गुंडाळलेली. तू ठरवशील तसं. या वेळी मी मत देत नाही.

तोकुजी